पाटलीणबाई अपिलात गेली

आमच्या सोसायटीत कुणी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत बसलं, की अजूनही म्हणतात, "झालं, पाटलीणबाई अपिलात गेली." नवीन राहायला आलेल्यांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो. तेही हसतात आणि आठवड्याभरात स्वतः वापरू लागतात. हे वाक्य किसनअण्णांच्या नावावर जमा आहे. अण्णा म्हातारपणी भ्रमिष्ट झाले, डोळ्यांदेखत पाहिलेल्या मालिकेचा शेवट भलताच सांगत सुटले, अशी त्यामागची कथा.

अण्णांना जाऊन वर्ष होऊन गेलं. मीही ऐंशीच्या पुढे आहे. ते वाक्य कानावर आलं की मी मान खाली घालतो, कारण ते अण्णांचं नाही, माझं आहे. अण्णांचं डोकं अखेरपर्यंत माझ्यापेक्षा चांगलं चालत होतं. हे एकदा लिहून ठेवायचं राहिलं होतं.

आमची सोसायटी कात्रजच्या अलीकडे, आंबेगावात, डोंगराच्या अंगाला आहे. ती उभी आहे ती अण्णांच्या शेतावर. बांधकाम झाल्यावर त्यांच्या वाट्याला काही फ्लॅट आले. एकात ते मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर राहत. भिंतीपलीकडची एक पट्टी मात्र त्यांनी दिली नव्हती. तिथे त्यांचा गोठा होता. दोन म्हशी, एक गाय आणि कधी असलंच तर वासरू. मागच्या भिंतीला एक छोटं फाटक ठेवून घेतलं होतं. पहाटे आणि संध्याकाळी अण्णा लिफ्टने खाली उतरत, त्या फाटकातून पलीकडे जात आणि तासाभराने दुधाची किटली घेऊन परत येत.

"ही जमीन माझी होती" असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते इमारती ओळखत पिकांवरून. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलं, "कितव्या मजल्यावर तुमी?" मी म्हणालो, बी विंग, तळमजला. "म्हंजी हरभऱ्यात." त्यांनी समाधानाने मान हलवली. "चांगली जागा हाय. तिथं कधी कीड पडली न्हाय." शरयूताईंच्या स्वयंपाकघराखाली त्यांची विहीर होती. त्या बाईंना ते कळल्यापासून नळाला पाणी आलं नाही की त्या गच्चीवरून हाक मारत, "अहो अण्णा, तुमची विहीर आटली वाटतं!"

शरयूताई म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर एकहाती सत्ता असलेल्या बाई. त्या राहायला आल्या आणि पहिल्याच महिन्यात फलकावर लिहिलं: "गोठ्याचा वास सोसायटीच्या आवारात येतो. वासास प्रवेश नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी." अण्णांनी किटली खाली ठेवून ती पाटी सावकाश वाचली. मग शरयूताईंची बेल वाजवली.

"ताई, पाटी मी वाचली. वाऱ्याला बी वाचून दाखवली. त्यो म्हनतो, मी शाळंत गेलो न्हाय."

पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला आपल्याच भाषेत उत्तर देणारा कुणी भेटला की तो आधी रागावतो आणि मग खूश होतो. दुसऱ्या दिवसापासून शरयूताईंनी अण्णांकडे दूध लावलं. पाटी तशीच राहिली. तिच्यावर पाऊस पडला, अक्षरं गेली, तेव्हा अण्णांनीच विचारलं, "ताई, पाटी पुन्यांदा लिवायची न्हाय का? वास हाय की अजून."

ही शरयूताईंची गोष्ट इथे आली, कारण टीव्ही त्यांचा होता. अमेरिकेतल्या मुलाने त्यांना भिंतभर टीव्ही पाठवला. घरात एवढा मोठा मावेना म्हणून त्यांनी तो तळमजल्यावरच्या ज्येष्ठांच्या खोलीत लावला. रिमोट मात्र पर्समध्ये ठेवला. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघंचौघं तिथे एक अमेरिकन मालिका बघत असू. जुना काळ, घोडे, बंदुका, मैलोन्‌मैल गवत. एक म्हातारी विधवा एवढा मोठा पसारा, हजारो गुरं आणि दोन नालायक मुलं सांभाळते. तिच्या दरीतून रेल्वे कंपनीला रूळ न्यायचे असतात आणि ती जमीन द्यायला तयार नसते. एवढीच गोष्ट, पण ती सीझनमागून सीझन चालली होती.

अण्णा एका शनिवारी शरयूताईंचं दूध द्यायला त्या खोलीत आले आणि दारातच थांबले. पडद्यावर गुरांचा कळप नदी ओलांडत होता. अण्णांनी किटली भिंतीशी ठेवली, चपला बाहेर काढल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. त्या खोलीत चपला बाहेर कुणीच काढत नसे. म्हातारी पडद्यावर काहीतरी ओरडली.

"काय म्हनती ती?" अण्णांनी शेजारी बसलेल्या मला विचारलं.

मी सांगितलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी आयुष्यभर पुण्याच्या कोर्टात भाषांतरकार होतो. साक्षी, खरेदीखतं, मृत्युपत्रं, सगळं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. या कामाचा एकच नियम आहे: आपलं काही घालायचं नाही आणि त्यांचं काही गाळायचं नाही. साक्षीदार "मी" म्हणाला तर भाषांतरकारही "मी" म्हणतो. साक्षीदाराने शिवी दिली तर शिवी द्यायची. मला या कामाचा अभिमान होता, थोडा जास्तच होता. त्यामुळे अण्णांनी विचारलं तेव्हा सवयीने मी म्हणालो, "मी माझ्या नवऱ्याला याच मातीत पुरलं आहे. माझ्या अंगणातून चालता व्हा."

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मग पडद्याकडे. "बरोबर हाय बाई," ते म्हणाले आणि पाय वर घेऊन बसले.

मालिका हिंदी आवाजातही उपलब्ध होती, पण गोरी माणसं हिंदी बोलताना बघून शरयूताईंचं डोकं दुखत असे. त्यामुळे दर शनिवारी मी अण्णांच्या शेजारी बसून त्यांच्या कानाशी मराठीत सगळी पात्रं बोलत असे. अण्णा मला नावाने हाक मारत नसत. ते मला "कोर्टवाले" म्हणत. मालिकेतल्या पात्रांनाही त्यांनी आपली नावं दिली होती. म्हातारी म्हणजे पाटलीणबाई. रेल्वेचा माणूस म्हणजे साहेब. मोठा मुलगा म्हणजे "त्यो थोरला", आणि हे म्हणताना त्यांचं तोंड कडू होत असे. काही महिन्यांत शरयूताईही "पाटलीणबाई" म्हणू लागल्या.

एकदा पाटलीणबाईंनी थोरल्या मुलाला खूप वाईट शिवी दिली. मी ती जशीच्या तशी अण्णांच्या कानात सांगितली, पण कानाला थोडं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बोलायची सवय असल्याने ती खोलीभर ऐकू गेली. शरयूताईंनी मालिका थांबवली.

"पेंडसे, इतकं प्रामाणिक असायची गरज नाही."

"मूळ तसंच आहे," मी म्हणालो.

"मूळ अमेरिकेत आहे. तुम्ही आंबेगावात आहात."

अण्णा मात्र गुडघ्यावर थाप मारून हसत होते. "असू द्या ताई. त्या थोरल्याला तेच नाव बराबर बसतं."

दुसऱ्या एका भागात रेल्वेचा साहेब कागद पुढे करतो आणि पाटलीणबाई लेखणी उचलते. अण्णा एकदम उठून उभे राहिले. "अगं बाई, आधी वाचून घे!" सगळ्यांच्या अंगावर काटा आला, इतका तो आवाज खरा होता.

"अण्णा, तिला मराठी येत नाही," शरयूताई म्हणाल्या.

"मग कोर्टवाल्यांना पाठवा की तिकडं."

त्या भागात तिने कागद फाडून टाकले. अण्णांनी त्या दिवशी शरयूताईंना अर्धा लिटर दूध जास्त दिलं आणि त्याचं कारण काही सांगितलं नाही.

मला कारण माहीत होतं. त्यांचा मुलगा दत्ता हिंजवडीच्या कंपन्यांसाठी बस चालवतो. म्हणजे त्याच्या मालकीच्या बस आहेत, चालवतात दुसरे. कष्टाळू, सरळ माणूस आहे. त्याला गोठ्याच्या जागी बस उभ्या करायच्या होत्या, आणि वर काही दुकानं. त्यासाठी एका बिल्डरशी बोलणं चाललं होतं. कागद इंग्रजीत आले होते, ते अण्णांनी माझ्याकडून वाचून घेतले होते. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात म्हशींचं काय लिवलंय?" काही लिहिलेलं नव्हतं. "हाय ते हाय," अण्णा म्हणाले. कशालाही उत्तर नसलं की ते असं म्हणत. दत्ता बापावर जबरदस्ती करणाऱ्यांतला नव्हता. पण रोज जेवताना विषय निघे, आणि अण्णा रोज ताटावरून लवकर उठत. सही त्यांची लागणार होती.

अशा दिवसांत त्या मालिकेचा शेवटचा भाग आला.

खोली भरली होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले सबनीस एरवी मालिकेला नाक मुरडत, तेही त्या दिवशी आले. शरयूताईंनी चिवडा केला होता. अण्णा धार लवकर उरकून, हातपाय धुऊन आले होते.

शेवटच्या दहा मिनिटांत पाटलीणबाई घोडागाडीने शहरात जाते. रेल्वेच्या कचेरीत साहेबासमोर बसते. साहेब कागद पुढे करतो. ती म्हणते, मला जे राखायचं होतं ते राखून झालं, आता घ्या. आणि सही करते. उठताना डोक्यावरची मळकी टोपी काढून टेबलावर ठेवते. मग स्टेशनात जाते, ज्या गाडीविरुद्ध आयुष्यभर लढली त्याच गाडीत बसते आणि खिडकीतून आपली दरी मागे जाताना बघते. संपलं.

हे मी आज सांगतो आहे. त्या संध्याकाळी मी हे सांगितलं नाही.

ती कचेरीत बसली तेव्हा अण्णांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. नखं पांढरी झाली होती. "काय म्हनती?" त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता. माझं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून दुसरंच वाक्य बाहेर पडलं, इतक्या हळू की फक्त त्यांनाच ऐकू जावं.

"ती म्हणते, मी देणार नाही."

"मग सही कशाची करती?"

"लेखी नकार देते आहे."

अण्णांनी मान हलवली. गाडीची शिट्टी झाली. "आता गाडीत कशापायी बसली?"

मी कोर्टातला माणूस. जे सुचलं ते कोर्टातलंच सुचलं. "वरच्या कोर्टात चालली आहे. अपिलात."

अण्णांनी खुर्चीचा हात सोडला. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग उठले, "बेस झालं," म्हणाले आणि चपला घालून गेले.

ते गेले आणि खोलीत रणधुमाळी माजली. शरयूताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला त्या ओरडत होत्या. "विकली? इतके शनिवार मी हिच्यासाठी घालवले आणि हिने विकली?"

"बाई शहाणी निघाली," सबनीस चिवडा खात म्हणाले. "वेळेवर सोडलं. नाहीतर मुलं भांडून मेली असती."

"तुम्ही एकच भाग बघितलात, सबनीस. मत द्यायला निदान दोन बघावे लागतात."

"मला एकात कळलं ते तुम्हाला इतक्यांत कळलं नाही, त्याला मी काय करू?"

रात्रीपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तोच वाद. लेखकाला भाजून काढलं पाहिजे, असं एकाचं मत. इतका खरा शेवट पाहिला नव्हता, असं दुसऱ्याचं. शरयूताईंनी मुलाला फोन करून मालिकेचे पैसे परत मिळतात का, असंही विचारलं म्हणे.

सकाळी अण्णा घरोघर दूध घालताना ज्याला त्याला सांगत होते, "पाटलीणबाईनं दिली न्हाय जमीन. अपिलात गेली." वॉचमनला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. सबनीस फाटकाशी भेटले. म्हणाले, "अण्णा, विकली हो तिनं. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"तुमाला कळलं न्हाय. लेखी नकार दिला तिनं."

संध्याकाळी घरी नात श्रेया म्हणाली, "आजोबा, शी सोल्ड इट. मी बसमध्ये पूर्ण एपिसोड बघितला."

"बसमध्ये तू झोपती, तुझा बापच सांगतो."

आधी सगळे हसले. मग हसणं कमी झालं आणि कुजबुज सुरू झाली. अण्णा कुणाचंच ऐकत नव्हते. मी चुकीचं सांगितलं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. शरयूताईंनी तो प्रसंग पुन्हा लावून दाखवला, तरी अण्णा शांतपणे म्हणाले, "त्येच तर. अपिलात चालली." मी शेजारी होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी टीव्हीच्या वायरीकडे बघत राहिलो. घरच्यांना मग मागच्या गोष्टी आठवू लागल्या. अण्णा परवा किटली विसरले. मागे एकदा लिफ्टमध्ये चुकीचा मजला दाबला. सुनेने गॅसच्या शेगडीला हात लावू नका म्हणून सांगितलं. गोठ्यात एकट्याने जायचं नाही, असंही ठरलं. बिल्डरचा विषय अण्णांच्या सहीपाशी अडला होता, तो आता वेगळ्या रीतीने पुढे आला: बाबांना झेपत नाही, बाबांच्या वतीने मीच बघतो.

एक दिवस दत्ता भेटला आणि बोलत बोलत मी त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलो. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, तुम्ही त्यांच्या शेजारी बसता. तुम्हाला काही जाणवलं का? खरं सांगा."

तो मला साक्ष विचारत होता, आणि त्याला माहीत नव्हतं की तो योग्य माणसाला विचारतो आहे. शरयूताई, सबनीस, तो गट, "कोर्टातले पेंडसे खोटं भाषांतर करतात" हे वाक्य, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "वय झालंय, दत्ता."

माझा मजला तळमजला. मी तरीही त्याच्याबरोबर वरपर्यंत गेलो आणि एकटा खाली आलो.

मग कळलं, म्हशी बघायला व्यापारी येणार आहे.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्या छोट्या फाटकातून पलीकडे गेलो. अण्णा गव्हाणीजवळ बसून कडब्याच्या पेंढ्या सोडत होते. सुनेला चुकवून आले असणार. मला बघून त्यांनी एक पोतं झटकून पुढे सरकवलं.

"बसा कोर्टवाले. डाक्टरकडं जाऊन आलो. डोकं ठिकानावर हाय का बघाया कागदावर घड्याळाचं चित्र काढा म्हनाला, काढलं. वर त्याला म्हैस बी काढून दिली. त्यो म्हनाला, घड्याळात काटा चुकला न्हाय, पर म्हशीला शिंगं उलटी हायत. मी म्हनलो, तू म्हशी कुठं बघितल्या?"

मी हसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ती काय म्हणाली, सही कशाची होती, गाडी कुठे चालली होती. कोर्टात शिकलो तसं, काही न गाळता सांगितलं. लिफ्टमधलंही सांगितलं.

अण्णांनी पेंढी सोडायचं थांबवलं नाही. झाल्यावर म्हणाले, "अपिलाला जाताना कुनी टोपी टेबलावर ठिवून जात न्हाय, कोर्टवाले."

मला आधी कळेना.

"मी बी सही करून रजिस्टरच्या हापिसातनं भाईर आलो, तवा टोपी आत टेबलावर राहिली. दत्ता म्हनाला, आनतो. मी म्हनलो, असू दे तितंच." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की गावातली त्यांच्या वयाची सगळी माणसं टोपी घालतात आणि अण्णा कायम उघड्या डोक्याने असतात. "ती टोपी बघितली अन् कळलं. तुमी अपील म्हनायच्या आधीच कळलं हुतं."

"मग लोकांना का सांगत बसलात?"

"तुमी माझ्या बाजूनं बोलला. जलमभर खोटं न बोललेला मानूस माझ्यापायी बोलला. त्याला मी उलटतपासनीला हुबा करू व्हय?" मग जरा लाजल्यासारखे म्हणाले, "अन् बरं बी वाटत हुतं. सांगायला. ती अपिलात हाय, असं."

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगतो. फलकावर लिहितो.

"दत्ताला सांगा. त्याला कळलं पाहिजे. बाकी कुनाला न्हाय." अण्णांनी माझ्याकडे पहिल्यांदाच रोखून पाहिलं. "मला येडा म्हनलं म्हनून म्हशी दूध द्यायच्या थांबत न्हाईत. तुमचं तसं न्हाय. तुमचं सगळं शब्दावर हाय."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि दत्ताला सांगितलं. तो ऐकता ऐकता खुर्चीवर बसला. श्रेया आधी हसू लागली, "काका, यू आर अनबिलीव्हेबल," आणि मग बापाचा चेहरा बघून गप्प झाली. दत्ता मग माझ्याकडे वळला.

"लिफ्टमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, काका."

"हो."

त्यावर तो काय बोलणार होता ते मला कधी कळलं नाही, कारण अण्णा आतून आले. "झालं नव्हं? आता ऐक. गोठा मी हाय तोवर द्यायचा न्हाय. मी गेल्यावर तुझं तू ठरीव, मी बघायला यायचो न्हाय. आन् त्या व्यापाऱ्याला फोन करून सांग, म्हशी इकायच्या न्हाईत."

"बाबा, मला वाटलं तुम्हाला झेपत नाही."

"झेपत न्हायच की," अण्णा म्हणाले. "मग मदतीला ये."

दत्ताने तिथल्या तिथे फोन केला. त्या घरात त्यानंतर जेवताना तो विषय निघाला नाही, असं श्रेयाने मला नंतर सांगितलं. सुनेनेही शेगडी परत दिली, एवढंच की अण्णांचा चहा कुणालाच आवडत नसल्याने त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आम्ही पुढेही शनिवारी बसत राहिलो. शरयूताईंनी शपथ घेतल्यासारखं घोड्यांचं काही लावलं नाही. एका बेटावरच्या खुनाची मालिका आली. अण्णा विचारत, "काय म्हनतो?" आणि मी शब्दाला शब्द सांगत असे. कुणी मेलं तर मेलं म्हणत असे. बाकीचे अण्णांना मधूनच चिडवत, "काय अण्णा, हा मेला की अपिलात गेला?" अण्णा हसत. मीही हसत असे, आणि हे हसणं माझ्या अंगाला चिकटलेलं आहे. त्यांनी सांगितलं म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्यांनी सांगितलं नसतं, तर मी खरंच फलकावर लिहिलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. निदान आता लिहिलं आहे. शरयूताईंना याची एक प्रत देणार आहे. त्या काय म्हणतील याची थोडी धास्ती वाटते, आणि धास्ती वाटायला अजून कुणी आहे, याचं बरंही वाटतं.

गोठा अजून तिथेच आहे. दत्ताने काही ठरवलेलं नाही.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते जानेवारीतल्या एका सकाळी. त्यांचे पाय सुजले होते, म्हणून गोठ्यात उन्हाला एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. शाल पांघरून ते तिच्यावर बसले होते. दत्ता म्हशीखाली बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खिशात फोन वाजत होता. म्हैस काही पान्हा सोडत नव्हती. मी फाटकाशी उभा राहिलो.

"दाबू नको नुसती," अण्णा म्हणाले. "बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"काय बी. कालचं सांग. ती बस बंद पडली ते."

दत्ताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चाळिशी उलटलेला माणूस कानापर्यंत लाल झाला होता. मी तोंड फिरवून डोंगराकडे बघू लागलो. मग दत्ता खालच्या आवाजात बोलू लागला, की काल चांदणी चौकात बस बंद पडली, आतली सगळी पोरं कंपनीला फोन लावत बसली, ड्रायव्हर म्हणाला क्लच गेला, आणि मेकॅनिक यायला दोन तास लागले. किटलीत पहिली धार पडली. मग दुसरी.

अण्णांनी डोळे मिटले होते. ऊन तोंडावर होतं. "मग?" ते म्हणाले. "पुढं काय झालं?"